दुकानात जाऊनच घ्यावं असं काय उरलंय? माझ्यासाठी सुट्टा चहा आणि स्क्रूचे डबे

तुम्ही विचारलंय की सगळंच घरबसल्या मिळत असताना मुद्दाम दुकानात जाऊन घेण्यात मजा वाटावी अशी एखादी खरेदी उरली आहे का. माझ्यापुरत्या दोन उरल्या आहेत: सुट्टा चहा, आणि घरातल्या छोट्या वर्कशॉपसाठी डबे, खण, मांडण्या. कपडे, भांडी, फोन मी खुशाल मागवतो. या दोन गोष्टी मात्र हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत, आणि एकदा कळायला लागल्या की त्यांचा नाद सुटत नाही.

चहाचं आधी सांगतो. पुण्यात पेठांमधून सुट्ट्या चहाची जुनी दुकानं अजून आहेत. ओळीने मोठे डबे आणि प्रत्येकावर भावाची पाटी. बहुतेक माल आसामचा आणि सीटीसी, म्हणजे यंत्राने पान चुरून, फाडून, वळवून केलेला दाणेदार चहा. त्याची प्रतवारी दाण्याच्या आकारावर होते. मोठा दाणा बीओपी किंवा बीपी, मधला पीएफ, आणि सगळ्यात बारीक तो डस्ट. डस्ट म्हणजे तळाचा गाळ असं पुष्कळांना वाटतं, तसं अजिबात नाही. बारीक दाण्याचा रंग झटकन सुटतो, थोड्या पत्तीत जास्त कप होतात, म्हणून हॉटेलवाले डस्ट घेतात. चांगल्या बागेची डस्ट हलक्या बागेच्या मोठ्या पत्तीपेक्षा महाग असू शकते. मोठ्या दाण्याला वेळ द्यावा लागतो, पण त्याची चव सावकाश उतरते आणि वास छान टिकतो.

म्हणून दुकानात जाऊन नुसतं ‘चांगला चहा द्या’ म्हणू नका. जाणता दुकानदार आधी तुम्हालाच विचारतो: दूध किती घालता? आलं-वेलची असते का? पत्ती उकळता, की आधण उतरवून पत्ती टाकून झाकून ठेवता? उत्तरं ऐकून तो दोन डब्यांतून माल काढून मिसळून देतो, मोठा दाणा जास्त आणि डस्ट थोडी. आपण रोज चहा कसा करतो हे आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे. मला ही खरेदी आवडते ती या बोलण्यासाठी. समोरच्याला मालाची जाण असते, आपल्याला आपल्या घरच्या चवीची, आणि दोन्ही जुळवून पुडी बांधली जाते.

पत्ती बघायची ती तळहातावर घेऊन. दाणा एकसारखा, टणक आणि काळपट तपकिरी हवा. करडी झाक असेल तर माल फार चाळला-हाताळला गेलाय. तांबूस काड्या आणि रेषा जास्त दिसल्या तर देठ पुष्कळ आलेत. बोटांत चुरडली तर तिचं पीठ होता कामा नये. मग मूठ मिटून आत उबदार श्वास सोडायचा आणि लगेच हुंगायचं. उबेने वास वर येतो, आणि पत्ती शिळी असेल तर ते तिथल्या तिथे कळतं. गोणपाटाचा, मसाल्याचा किंवा कुबट वास आला तर पाटीवरचा भाव कितीही मोठा असो, पुढच्या डब्याकडे वळायचं.

माल कधीचा आहे हेही विचारा. आसामात मेअखेर ते जूनमध्ये जी तोडणी होते तिला सेकंड फ्लश म्हणतात. तो चहा भरदार आणि किंचित गोडसर असतो, आणि दूध घातलं तरी दबत नाही. पावसाळ्यात पानं भराभर वाढतात, माल भरपूर येतो, पण चव पातळ होते. ऐन थंडीत तोडणी थांबते. त्यामुळे पाऊस लागला की मी ‘जूनचा माल आला का?’ हे विचारायला सुरुवात करतो, आणि आला की नेहमीपेक्षा जास्त भरून ठेवतो.

दोन चहांतला कुठला निवडायचा हे कळत नसेल तर दोन्ही १००-१०० ग्रॅम घ्या आणि घरी दूध-साखरेशिवाय करून बघा. चहा चाखण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं असं माप धरतात. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करून, दोन सारख्या कपांत, बशी झाकून हे सहज होतं. इतका कडक कोरा चहा पिण्यासाठी नाहीच. दोघांतला फरक मोठा होऊन समोर यावा म्हणून तो करायचा. नंतर गाळण्यातला ओला चोथाही हुंगा, कारण पत्तीचे दोष तिथे जास्त स्पष्ट कळतात.

इथे वर्कशॉप कामी येतं. चांगला ताकदीचा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कागदावर पसरलेल्या पत्तीवरून फिरवा. सीटीसीच्या यंत्राचे दातेरी रूळ एकमेकांशी झिजतात, त्यामुळे लोखंडाचे थोडे कण येऊ शकतात, आणि कारखान्यांतही ते चुंबकानेच काढतात. भरपूर कीस चिकटला तर ते दुकान बदला. रंग दिलेली पत्ती ओळखायला ओल्या गाळणकागदावर (फिल्टर पेपरवर) चिमूटभर पसरून ठेवा आणि जरा वेळाने कागद धुऊन उजेडात धरा. ठळक डाग राहिला तर रंग घातलेला असू शकतो.

आता डबे-खण. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारांत, गेलात तर डोळे फिरतील इतके प्रकार दिसतात: भिंतीवर टांगायचे प्लास्टिकचे बिन, पारदर्शक खणांची कपाटं, हलते कप्पे असलेले ब्रीफकेससारखे डबे, हत्यारं टांगायचे भोकाभोकांचे पत्रे, स्लॉटेड अँगलच्या (भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या) मांडण्या. दुकानात पाय ठेवण्याआधी घरचं सगळं सामान जुन्या चादरीवर ओता. खिळे, लाकडाचे स्क्रू, मशीन स्क्रू, नट, वायसर, भिंतीतले प्लग, ड्रिलची बिटं, सगळ्यांचे ढीग करा. मग कळतं की मोठे ढीग मोजकेच आहेत, बाकी सुटंसुटं किडूकमिडूक. मोठ्या ढिगांना मोठे बिन आणि किडूकमिडूकला लहान खण. तेवढं लिहून घ्या, आणि खिशात मोजपट्टी व सगळ्यात लांब स्क्रू टाकून निघा.

हलते कप्पे असलेला डबा घेताना मी दुकानदाराकडून मूठभर पातळ वायसर मागून घेतो. ते एका कप्प्यात टाकायचे, झाकण लावायचं, डबा उलटा करून हलवायचा आणि परत सुलटा करून उघडायचा. वायसर शेजारच्या कप्प्यात गेले असतील तर कप्प्यांमधल्या पट्टीखाली किंवा झाकणाशी फट आहे. असा डबा घरी आणला की महिन्याभरात सगळं एकमेकांत मिसळतं. ही फट कुठल्याच फोटोत दिसत नाही. बोहरी आळीतले शेठ लोक या तपासणीला कधी नाही म्हणत नाहीत, उलट स्वतःच आतून दुसरा डबा काढून ‘हा बघा’ म्हणतात.

खणांच्या कपाटात एकच गोष्ट बघा: खण पूर्ण ओढल्यावर मागच्या बाजूला अडतो का? न अडणारा खण एक दिवस पायावर रिकामा होणारच. मांडणी घेताना पत्र्याचं गेज विचारा आणि आकडा जितका लहान तितका पत्रा जाड हे लक्षात ठेवा, म्हणजे १८ गेज २० गेजपेक्षा दणकट. नट-बोल्टचं वजन आपल्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त भरतं, तेव्हा इथे चार पैसे वाचवू नका. तुमचं वर्कशॉप गॅलरीत असेल तर प्लास्टिकवर थेट ऊन येऊ देऊ नका, ते ठिसूळ होऊन कडेने तडकतं.

माझी सगळ्यात लाडकी वस्तू मात्र भांड्यांच्या दुकानातली आहे: स्टीलचा मिसळणाचा डबा. सात वाट्या, घट्ट झाकण. चालू कामाचे स्क्रू त्यात ठेवायचे. हवी ती वाटी उचलून टेबलावर घेता येते आणि काम झालं की परत जागेवर. हातोडी-पक्कड घेणाऱ्या प्रत्येकाला मी हाच डबा सुचवतो. आणि पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. वाचनालयातल्या कार्डांच्या लाकडी खणांचं कपाट नशिबाने मिळालं तर बाकी यादी विसरून आधी ते घ्या. ती सागवानी लाकडाची, पितळी मुठीची सुबक कामं आता सहसा कोणी नव्याने करत नाही.

घरी आणल्यावर दोन्हींचा शत्रू एकच, आपला पावसाळा. चहा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, अंधारात, मसाल्यांपासून लांब ठेवा. काचेच्या बरणीत किंवा फ्रिजमध्ये नको. हत्यारांच्या खणात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पाती मशीन ऑइलच्या फडक्याने पुसून ठेवा. चहाचे रिकामे डबे खिळ्यांसाठी उत्तम. पण खिळ्यांचा डबा धुऊन परत चहाला वापरू नका. पत्ती आजूबाजूचा वास लगेच ओढून घेते, आणि तेल-टर्पेंटाइनचा वास पत्र्याला चिकटला की सहसा जात नाही.

ऑनलाइनचा मी विरोधक नाही, हे शेवटी सांगायला हवं. मार्च-एप्रिलचा दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे हंगामातल्या पहिल्या तोडणीचा चहा, आपल्याकडच्या सुट्ट्या चहाच्या दुकानांत क्वचितच ताजा मिळतो, कारण त्याला इथे गिऱ्हाईक कमी. तो मी मागवतो, पाकिटावर बागेचं नाव आणि तोडणीचा काळ छापलेला बघून, आणि १०० ग्रॅमच. त्याला उकळी द्यायची नाही, दूधही घालायचं नाही. पाणी ८५-९० अंशांवर आलं की ओतायचं आणि तीन मिनिटांत गाळायचं. खणांवर लावायच्या चिठ्ठ्यांचे धारकही मी मागवतो, ते सगळीकडे सारखेच असतात.