हॉर्सपॉवर नंतर, आधी विहीर मोजा

सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन जुनं झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती हॉर्सपॉवरचा पंप घेऊ? तो खरं तर शेवटचा प्रश्न आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंकांना इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न : स्टेशन तीस वर्षांचं आहे. सगळं नवं बांधायचं की पंप बदलून भागेल?

नुसत्या वयावरून हे ठरत नाही. पंप आणि पॅनेल साधारण १५ ते २० वर्षांत थकतात. काँक्रीट मात्र पन्नास वर्षं टिकतं किंवा वीस वर्षांतही संपतं, आणि ते हायड्रोजन सल्फाइडवर अवलंबून असतं. सांडपाणी उंचावरून विहिरीत (ते जिथे साठतं आणि जिथून पंप उपसतात, त्या खोल टाकीत) आदळतं तिथे हा वायू सुटतो आणि पाण्याच्या वरच्या ओलसर भिंतीवरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. म्हणून पाण्याखालची भिंत धडधाकट दिसली तरी खूश होऊ नका. छताची खालची बाजू आणि पाण्याच्या पातळीवरचा पट्टा तपासा. काँक्रीट पांढरट, मऊ होऊन खरवडलं जात असेल किंवा सळ्या उघड्या पडल्या असतील, तर त्यावर इपॉक्सी फासणं म्हणजे सफेदी करणं. कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या, मगच अंदाजपत्रकाला हात लावा.

प्रश्न : आत्ताचे पंप सेकंदाला ६० लिटरचे आहेत. विक्रेता म्हणतो, १०० लिटरचे घ्या, वीस वर्षांची चिंता मिटेल. घ्यावेत का?

चिंता त्याची मिटेल, विक्री झाली म्हणून. तुमची तिथून सुरू होईल.

आधी हे पाहा की जुना पंप खरोखर ६० लिटर देतो का. नेमप्लेटवरचा आकडा नवा असतानाचा आहे. त्यासाठी घड्याळ आणि खुणा केलेली पट्टी पुरते. समजा विहीर आतून ३.४ मीटर व्यासाची आहे, म्हणजे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. सगळे पंप बंद करा आणि पाणी अर्धा मीटर चढायला किती वेळ लागतो ते मोजा. तीन मिनिटं लागली तर साडेचार घनमीटर १८० सेकंदांत आले, म्हणजे आवक सेकंदाला २५ लिटर. आता एक पंप चालू करा. तेच अर्धा मीटर अडीच मिनिटांत उतरलं, तर पातळी सेकंदाला ३० लिटरने घटतेय. पंपाचा खरा उपसा २५ अधिक ३०, म्हणजे ५५. हीच मोजणी पहाटे, सकाळच्या गर्दीच्या वेळी आणि जोरदार पावसात करा. पावसात आवक कित्येक पटींनी वाढत असेल, तर पावसाचं पाणी मलवाहिनीत शिरतंय. तो दोष वाहिन्यांचा आहे, तो पंपाच्या माथी मारू नका.

मग पाइप. ६० लिटरला २५० मिलिमीटरच्या रायझिंग मेनमध्ये (पंपापासून पुढे पाणी दाबाने नेणाऱ्या पाइपमध्ये) वेग सेकंदाला १.२ मीटर येतो. हा चांगला वेग आहे, गाळ वाहून जातो. त्याच पाइपमधून १०० लिटर ढकलले तर वेग २ मीटर होतो आणि घर्षणाचं हेड (पाणी ढकलायला लागणारा दाब, मीटर उंचीत मोजलेला) पावणेतीन पट. म्हणजे कागदावरचे १०० लिटर मिळायचे नाहीत, किंवा मिळवायला मोटर फार मोठी लागेल. शिवाय वीज अचानक गेली की वॉटर हॅमर, म्हणजे एकदम थांबलेल्या पाण्याचा पाइपला धक्का. लांब लोखंडी पाइपात वेग एकदम शून्यावर आला, तर दर १ मीटर वेगामागे ढोबळमानाने १०० मीटर हेडचा धक्का बसतो. जुन्या सांध्यांवर आज १२० चा धक्का असेल, तर उद्या २०० चा बसेल. पाइप फुटला की दोष पाइपच्या वयाला दिला जातो!

आणि विहीर. पंप सुरू व बंद होण्याच्या पातळ्यांमधलं किमान पाणी = दोन स्टार्टमधली मिनिटं × पंपाचा मिनिटाचा उपसा ÷ ४. तासाला ६ स्टार्ट धरले तर दहा मिनिटं. ६० लिटरला, म्हणजे मिनिटाला ३.६ घनमीटरला, ९ घनमीटर लागतात. आपल्या विहिरीत ती बरोबर एक मीटर उंची झाली. १०० लिटरला १५ घनमीटर हवेत. येणाऱ्या पाइपखाली तेवढी खोली नसेल तर त्याच एका मीटरमध्ये आवकीनुसार तासाला १० पर्यंत स्टार्ट होतील. मग काँटॅक्टर (पॅनेलमधले मोटर सुरू-बंद करणारे स्विच) जळतात, मोटरचं वाइंडिंग तापतं आणि उत्पादक वॉरंटीत हात वर करतो.

शहर वाढणार असेल तर जादा पंपासाठी पाया आणि जागा ठेवा. क्षमता मोजताना सर्वांत मोठा पंप बंद धरा, उरलेल्यांनी कमाल आवक उपसली पाहिजे. पंपाचा कर्व्ह (किती उपशाला तो किती हेड देतो) आणि पाइपलाइनचा कर्व्ह (किती उपशाला किती हेड लागतं) एकाच कागदावर काढून, ते छेदतात तो बिंदू डिझाइन सल्लागाराकडून तपासून घ्या. तो कागद द्यायला विक्रेता कां-कूं करत असेल तर विक्रेता बदला.

प्रश्न : व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला तर मोठा पंपही हळू चालवता येईल ना?

एका मर्यादेपर्यंत. हेड वेगाच्या वर्गाने घटतं. ५० हर्ट्झला बंद व्हॉल्व्हवर ३० मीटर हेड देणारा पंप ३५ हर्ट्झला १४.७ मीटरच देतो. तुमची निव्वळ चढण १५ मीटर असेल तर पंप फिरतो, वीज खातो आणि थेंबही चढवत नाही. शिवाय पंपात चिंध्या अडकतात. किमान फ्रीक्वेन्सी गणित करून ठरवा आणि पॅनेलमध्ये लॉक करा.

प्रश्न : तेलकट थर खाणारी जिवाणू पावडर टाकावी का?

नको. तेल उगमापाशी ग्रीस ट्रॅपने अडवा आणि भिंती दाबाच्या पाण्याने धुवा.

प्रश्न : ठेकेदार म्हणतो, काम चालू असताना तात्पुरत्या पंपांनी सांडपाणी वळवायचा बायपास कशाला, रात्री दोन तासांत नवी जोडणी करतो.

त्याला हा हिशेब दाखवा. रात्रीची आवक सेकंदाला १० लिटर धरली तरी दोन तासांत ७२ घनमीटर होते. आपल्या विहिरीत तीन मीटर उंची मोकळी असली तर २७ मावतात. पाऊण तासात विहीर भरते, त्यानंतर वाहिन्या तुंबतात आणि मैला सर्वांत खालच्या घराच्या संडासातून वर येतो. शिवाय जुना स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोच असं नाही. तो महिनाभर आधी तपासा.

बायपासला दोन पंप लागतात, प्रत्येक एकट्याने कमाल आवक उपसणारा. त्यातला एक तरी डिझेलवर. जमिनीवर ठेवलेल्या पंपाची ओढ व्यवहारात सहा मीटरच्या आसपास संपते, त्यापेक्षा खोल असेल तर सबमर्सिबल घ्या. प्रत्येकाला स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. जोडणी रायझिंग मेनवर स्टेशनच्या व्हॉल्व्हच्या पुढे करा, साध्या पाण्याने दाब चाचणी घ्या, आणि सकाळची गर्दी धरून चोवीस तास चालवून पाहा. तोवर जुन्याला हात नाही. रात्री माणूस आणि उच्च पातळीचा भोंगा, दोन्ही हवेत. निविदेत ही बाब वेगळी लिहा. ‘सर्वसमावेशक’ दरात ढकलली की तिथेच काटकसर होते. नव्या स्टेशनात कायमचा बायपास टी (तात्पुरते पंप जोडायचा पाइपचा फाटा) बसवून ठेवा.

प्रश्न : नवी विहीर बांधून झाली, छत बाकी आहे. पावसाळाभर रिकामी ठेवली तर चालेल?

नाही. बाहेरून ४ मीटर व्यास, ७ मीटर खोली, ३० सेंटीमीटर भिंत आणि अर्धा मीटर तळ असेल, तर वजन सुमारे ७० टन. भूजल जमिनीखाली एक मीटरवर आलं की पाण्याची उचल ७५ टन. विहीर तरंगते! मातीच्या घर्षणावर भिस्त ठेवू नका. पाणी भरून ठेवा आणि तळाचा पसारा वाढवायचा की नाही ते डिझायनरला विचारा.

प्रश्न : गाळ काढायला माणूस उतरवायचा तर वासावरून अंदाज येतो ना?

येत नाही. हायड्रोजन सल्फाइड सुमारे १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पोहोचला की नाकच बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. मुळात माणूस उतरवूच नका, गाळ यंत्राने ओढा. तरीही दुसरा मार्ग उरला नाही तर हे काम प्रशिक्षित पथकाचंच. चार-वायू मीटर, ब्लोअर, तिपाई, हार्नेस आणि वर सतत हजर माणूस. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर किंवा ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर असेल तर प्रवेश बंद. गाळ ढवळला की वायू नव्याने सुटतो, म्हणून मीटर शेवटपर्यंत चालू ठेवा. खालचा कोसळला तर वरच्याने मागे उडी मारायची नाही.

प्रश्न : जुन्या विहिरीचं काय करायचं?

नव्या स्टेशनाने एक पावसाळा काढेपर्यंत ठेवा. मग येणारे-जाणारे पाइप दोन्ही टोकांना बंद करा, विहीर स्वच्छ करा, पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पाडा आणि थराथराने भरून दाबा.