अणुबॉम्ब की परमाणुबॉम्ब?

प्रश्न असा आला आहे: ‘आपण अणुबॉम्ब म्हणतो, हिंदीत परमाणु बम म्हणतात. बरोबर कोणतं? आणि वीज देणारी भट्टी नि शहरं जाळणारा बॉम्ब, दोघांच्याही मागे एकच “अणु” का?’

मराठीत अणू आणि रेणू अशी जोडी आहे. हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचा एक रेणू होतो. हिंदीत आपल्या अणूला ‘परमाणु’ म्हणतात आणि आपल्या रेणूला ‘अणु’. त्यामुळे हिंदी बातमीतला शब्द तसाच उचलला की घोटाळा होतो. मराठीत अणुबॉम्बच लिहावं. एकटा ‘अणू’ दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व: अणुभट्टी, अणुचाचणी. ‘अण्वस्त्र’ हा शब्द तर मला फार नेमका वाटतो. हातात धरून चालवायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र, हा जुना भेद त्यात टिकून आहे.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. कोळसा जळतो तेव्हाही अणूंची जोडतोड होतेच, पण त्यांच्या केंद्रकाला, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्याला, धक्का लागत नाही. भट्टीत आणि बॉम्बमध्ये मात्र केंद्रकच फुटतं, म्हणून शब्द एक असणं रास्त आहे. फरक आहे तो प्रमाणाचा आणि लगामाचा. बहुतेक भट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५ (युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार) साधारण ३ ते ५ टक्के असतं, बॉम्बसाठी ते ९० टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं. एक केंद्रक फुटलं की त्यानं पुढची फुटत जातात, ही साखळी प्रक्रिया. भट्टीत तिला नियंत्रक कांड्या आवरून धरतात, आणि धूर न काढता वीज मिळते. बॉम्बमध्ये तीच मोकाट सुटते. १९४५ साली हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं फुटलं एक किलोहूनही कमी, आणि तेवढ्यानं शहर बेचिराख झालं.

म्हणून १९८६ च्या, चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातल्या दुर्घटनेला कुणी ‘अणुस्फोट’ म्हटलं की मला खटकतं. ती भट्टी फुटली मुख्यतः वाफेच्या दाबानं. तिथला खरा धोका मागे रेंगाळणारा होता, किरणोत्सर्गाचा. तिथून पसरलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं आहे. हा शब्दही फसवतो. ३० वर्षांत निम्मं, म्हणजे ६० वर्षांत सगळं संपेल असं वाटतं. पण पुढच्या ३० वर्षांत जातं ते उरलेल्यातलं निम्मं. ६० वर्षांनीही चौथा हिस्सा शिल्लक असतोच.