वाचकांचे प्रश्न : इंडोनेशियन शिकवताना यंत्राचा कान

प्रश्न : मी प्रौढांना इंडोनेशियन शिकवते. विद्यार्थी फोनला वाक्य सांगतात आणि पडद्यावर ते अचूक उमटतं, तरी इंडोनेशियन माणसाला त्यांचे उच्चार खटकतात. असं का?

उत्तर : बोललेलं लिहून देणारी यंत्रणा उच्चार तपासत नाही, तुम्हाला काय म्हणायचं असेल त्याचा अंदाज बांधते. आजूबाजूचे शब्द पाहून ती कच्चा उच्चार सावरून घेते. इंडोनेशियनमध्ये भर अशी, की रोमन ‘ई’ हे एकच अक्षर दोन स्वरांसाठी वापरतात: एक आपल्या ‘अ’च्या जवळचा, दुसरा ‘ए’. ‘आपल’ म्हणजे सफरचंद आणि ‘आपेल’ म्हणजे रांगेत उभं राहून द्यायची हजेरी. स्पेलिंग एकच असल्यामुळे ही चूक पडद्यावर कधीच दिसणार नाही. शेवटच्या ‘क’चंही तसंच. ‘तिदाक’मधला (नाही) ‘क’ घशात अडवून सोडून द्यायचा असतो. आपण तो ठसठशीत म्हणतो आणि यंत्र तरीही शब्द बरोबरच लिहितं.

स्वरासाठी प्रात हे आवाजाचं विश्लेषण करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरा. विद्यार्थ्याच्याच आवाजात मराठी ‘वेळ’ आणि ‘वड’ ध्वनिमुद्रित करा, मग ‘आपेल’ आणि ‘आपल’. फॉर्मंट म्हणजे स्वरात जोर धरणाऱ्या कंपनसंख्यांचे पट्टे. त्यातला दुसरा ‘ए’ला बराच वर असतो, ‘अ’ला खाली. त्याच्याच मराठी स्वरांशी तुलना केल्याने आवाजाच्या पट्टीतला फरक आड येत नाही.

स्पेलिंग बदलतं तिथे मात्र यंत्राचा उपयोग होतो. ‘मुदा’ (तरुण) आणि ‘मुदाह’ (सोपं), ‘तुजु’ (रोख) आणि ‘तुजुह’ (सात) यांत शेवटचा ‘ह’ आपल्याकडून हमखास गळतो. अशा दहा जोड्या घ्या, शब्दांचा क्रम विस्कटा आणि एका फितीत पाच असंबद्ध शब्द, मध्ये सेकंदभर थांबून, म्हणून घ्या. वाक्यात घातलेत तर यंत्र पुन्हा अंदाजावर जाईल. तीच यादी आधी इंडोनेशियन माणसाकडून वाचून घ्या. त्याच्या आवाजातही यंत्र चुकलं तर ती जोडी काढून टाका. हे केल्याशिवाय कुणालाही गुण देऊ नका, विद्यार्थ्यावर अन्याय होतो.

व्हिस्पर ही बोललेलं लिहून देणारी यंत्रणा वापरत असाल तर भाषा ‘इंडोनेशियन’ अशी स्वतः ठरवून द्या. आपोआप ओळखायला सांगितलं तर छोट्या फितीला ते मलय समजू शकतं. फितीच्या दोन्ही टोकांची लांब शांतताही कापा, कारण शांततेत ते न बोललेले शब्द लिहितं.

प्रश्न : धडे यंत्राच्या आवाजात ऐकवले तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण आधी स्वतः ऐकून. ‘तेरास’ (व्हरांडा) आणि ‘तरास’ (गाभा), ‘ताहु’ (सोयाबीनचं पनीर) आणि ‘ताउ’ (माहीत असणं) या जोड्यांचं स्पेलिंग एकच, म्हणून यंत्र इथेच फसतं. धड्यातला ‘ई’ असलेला प्रत्येक नवा शब्द कामुस बसार या अधिकृत शब्दकोशात पाहा. तिथे डोक्यावरच्या चिन्हाने स्वर दाखवतात. चुकलेला शब्द असलेलं अख्खं वाक्य माणसाच्या आवाजात बदला, एकटा शब्द चिकटवला तर लय तुटते. 1972 च्या शुद्धलेखन-सुधारणेपूर्वीचा मजकूर असेल तर आधी नव्या स्पेलिंगमध्ये आणा. जुना ‘जे’ म्हणजे आताचा ‘वाय’, हे यंत्राला कळेलच असं नाही.

प्रश्न : भाषांतराचं अ‍ॅप आणि मूळ शब्द शोधणारी साधनं वर्गात द्यावीत का?

उत्तर : द्या, चुका शोधायला. ‘कामी’ म्हणजे आम्ही, ‘किता’ म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण. भाषांतर इंग्रजीमार्गे झालं की हा फरक पुसला जातो. मराठी विद्यार्थ्याला तो जन्मजात कळतो, त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. सास्त्रावीसारखं साधन उपसर्ग-प्रत्यय काढून मूळ शब्द देतं, पण संदर्भ पाहत नाही. ‘मङुकुर’चं मूळ ‘उकुर’ (मोजणं) असेल किंवा ‘कुकुर’ (किसणं). ‘बरुआङ’ म्हणजे अस्वल, पैसेवाला किंवा खोल्या असलेला. असे शब्द वाक्यासकट द्या आणि मूळ कोणतं ते विद्यार्थ्यांना ठरवू द्या.