मन विचार करतं का?

प्रश्न : ‘मनाचं ऐकू की बुद्धीचं?’ असं आपण सहज म्हणतो. मग विचार करते ती बुद्धी आणि मनाकडे नुसत्या भावना, असं समजायचं का? ‘मन’ शब्द आला कुठून? आणि ‘मनस्ताप’ लिहावं की ‘मनःस्ताप’?

उत्तर : माझी आजी घरोघरी दुधाचा रतीब घालायची. तिला लिहिता येत नव्हतं. महिनाअखेरीस ती ओट्यावर बसून प्रत्येक घराचा हिशेब करायची आणि मी मध्ये बोलले की हात वर करायची, “थांब, आकडा मनात धरलाय.” तुमचा प्रश्न वाचला आणि आधी तो हात आठवला. आजी बरोबर बोलत होती. संस्कृतात ‘मन्’ धातूचा अर्थच विचार करणे, समजणे, मानणे. त्यापासून ‘मनस्’, आणि तेच आपलं मन. मत, मती, मनन, संमती, मंत्र ही सगळी त्याच घरातली. लॅटिनमधला ‘मेन्स’ आणि इंग्रजीतला ‘माइंड’ हे लांबचे भाऊबंद. ‘म्हणणे’ मात्र या घरात ओढू नका. ते ‘भण्’ धातूवरून आलं.

प्राचीन पंडित यास्काने ‘निरुक्त’ या शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या ग्रंथात ‘मनुष्य’ शब्दाची फोड केली आहे ती मला फार आवडते : ‘मत्वा कर्माणि सीव्यन्ति’, विचार करून कामं शिवतात ती माणसं. आजच्या भाषाशास्त्राला ‘शिवणं’ पटणार नाही, पण ‘मत्वा’ म्हणजे ‘विचार करून’ बघा, तो त्याच ‘मन्’ धातूचा.

मन आणि बुद्धी अशी वाटणीही जुनीच. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, बुद्धी सारथी आणि मन लगाम. तिथेही मन नुसतं हळवं नाही, त्याच्याकडे काम आहे. आपल्या बोलण्यात तर दोन्ही अर्थ अजून शेजारी नांदतात. ‘मन भरून आलं’ ही भावना, पण ‘माझ्या मनात आलं, आज बँकेत जाऊन यावं’ हा चक्क विचार.

आता ‘मनस्ताप’. मूळ शब्दाच्या शेवटचा ‘स्’ मराठीत एकटा असताना दिसत नाही, समासात डोकं वर काढतो. मनस् अधिक ताप, म्हणून मनस्ताप. विसर्गाला इथे जागा नाही. ‘मनःस्थिती’त मात्र विसर्ग हवा, कारण पुढच्या शब्दाचा स्वतःचा ‘स्’ आहे. तीस वर्षं मुद्रितं तपासताना मी या दोन शब्दांवर जितकी लाल शाई घातली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर घातली असेल.