घमेलं किती दिवस वाहशील?

पोरी, रेजा म्हणजे बांधकामावरची मजूर बाई म्हणून घमेली वाहण्यात मी नऊ वर्षं घालवली, तू नको घालवू. मिस्त्री जेवायला बसला की त्याला विचारून थापी आणि भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा ओळंबा हाती घे, आडबाजूला चार विटा लावून पाहा. विटा आधी भिजवायच्या, नाहीतर त्या सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी पितात आणि जोड कच्चा राहतो. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नको, भिंत तिथेच फाटते.

आपली काळी माती तर महा लबाड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घरमालक कितीही कुरकुरला तरी पाया मुरूम लागेपर्यंत खोल घ्यायला सांग. वैशाखात नुसतं दोनदा पाणी मारून भागत नाही, स्लॅबवर ओली पोती टाक.

थापी चालायला लागली की मजुरी मिस्त्रीची माग, रेजाची नाही. पहिल्यांदा मागताना माझी जीभ अडखळली होती बापा!

आणि हो, वय 18 ते 60 असेल आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर काम झालं असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यासाठी ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) दाखला लागतो. दलालाच्या हातात पैसे ठेवू नको. मी ठेवले होते.