वाचकांचे प्रश्न : लांडग्यांच्या गोष्टीतली सावळी नायिका

प्रश्न : ताई, मी देवगडची, वय २३. गाबीत घरातली आहे. बाबांचा ट्रॉलर आहे आणि मी बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते. रात्री मोबाइलवर इंग्रजी पॅरानॉर्मल रोमान्स वाचते. व्हॅम्पायर, लांडगे होणारी माणसं, असल्या मालिका हातात घेतल्या की सुटत नाहीत. पण नायिका बहुतेक गोऱ्या, निळ्या नाहीतर हिरव्या डोळ्यांच्या. मी काळी. आजी अजून म्हणते, "उनात जाव नको, काळी पडतलंस." मैत्रीण म्हणते, रक्त पिणारा नवरा तुला चालतो, मग गोरी बायको का खटकते? मला याचं वाईट वाटतं ते वेडेपणाचं आहे का? आणि वेगळ्या नायिका कुठे मिळतील?

उत्तर : वेडेपणा अजिबात नाही गो. मैत्रिणीला सांग, लांडगा होणारा माणूस लेखिकेनं मनानं रचला, त्याचा कळप रचला, कळपाचे कायदे रचले. एवढं सगळं सुचलेल्या बाईला काळी मुलगी मात्र सुचू नये, हे खटकायलाच हवं. भुताखेतांचा भाग कल्पनेतला असतो, पण जीव ओवाळून टाकावा अशी बाई कशी दिसते, हे ती गोष्ट अगदी खरं म्हणून सांगत असते. आणि तू ते रात्र रात्र वाचतेस.

माझी लायब्ररी मालवणच्या बाजारात आहे. तारकर्लीच्या होमस्टेंमध्ये पर्यटक पुस्तकं टाकून जातात, ती मालकीणबाई माझ्याकडे आणून देतात. त्यात हा प्रकार भरपूर. पावसाळा संपला की बुरशी पुसून ती उन्हात मांडते, तेव्हा सगळी मुखपृष्ठं एकदम दिसतात. उघड्या छातीचे पुरुष, चंद्र, धुकं. बाई असली तर पाठमोरी किंवा अर्धाच चेहरा, आणि दिसते तेवढी कातडी दुधासारखी. तुझ्या पत्रातली तक्रार मला तिथे रांगेनं मांडलेली दिसते.

या मालिकांची एक गंमत आहे, ती लक्षात घेतलीस की निवड सोपी होईल. बऱ्याच मालिकांत दर पुस्तकाला नवं जोडपं असतं. पहिल्या भागातली मैत्रीण किंवा बहीण चौथ्या-पाचव्यात नायिका होते. म्हणजे दहा भागांत दहा नायिका. जागेची अडचण कुठेच नाही. तेव्हा सावळ्या बाईला तिचं पुस्तक मिळतं का, की ती सगळे भाग दुसरीला चहा करून देते आणि धीर देते, एवढं बघ. माझ्या मते लेखिकेची परीक्षा तिथेच होते.

आता नावं. पहिलं नाव एल. ए. बँक्स. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची ही कृष्णवर्णीय लेखिका २०११ साली गेली. तिची व्हॅम्पायर हंट्रेस मालिका २००३ मध्ये 'मिनियन'पासून सुरू झाली आणि बारा पुस्तकं चालली. नायिका डमाली रिचर्ड्स कृष्णवर्णीय, मंचावर आपल्या कविता म्हणणारी कलावंत, आणि व्हॅम्पायरांशी लढण्यासाठीच जन्मलेली. ती ज्याच्यावर जीव लावते तो कार्लोस लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा. तिचं बोलणं, तिचे गाणारे-वाजवणारे साथीदार, सगळं तिच्या वस्तीतून आलेलं आहे. डमालीला गोरी करून बघ, मालिका उभीच राहत नाही. हीच माझी कसोटी. रंग पहिल्या पानावर एका ओळीत सांगून टाकला आणि पुढे त्याचा कशालाच स्पर्श झाला नाही, तर ते मला पुरत नाही.

दुसरी नलिनी सिंग. फिजीत जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये वाढलेली भारतीय वंशाची लेखिका. तिची साय-चेंजलिंग मालिका २००६ पासून. साय म्हणजे मनोबळाचे लोक, त्यांना भावना दाखवायला बंदी. चेंजलिंग म्हणजे बिबट्या, लांडगा होणारे. पहिलीच नायिका साशा मिश्र वंशाची आहे आणि जो दोष म्हणून ती लपवत असते तीच तिची ताकद निघते. पाचव्या पुस्तकातली, २००८ मधली अशाया तर तुला नक्की आवडेल. सावळी, कुरळ्या केसांची, शास्त्रज्ञ आणि एका मुलाची आई. आई असलेली नायिका या प्रकारात क्वचित भेटते, म्हणून मी हे पुस्तक हातात कोंबून देते. एक मात्र म्हणेन : साय समाजात वंशाची आठवण फारशी उरलेली नाही, त्यामुळे आजीची भाषा, घरचं जेवण असं काही साशाकडे शोधू नकोस.

तिसरी पॅट्रिशिया ब्रिग्ज हिची मर्सी थॉम्प्सन, २००६ पासूनची. मर्सी गाड्या दुरुस्त करते, हात कायम ग्रीसनं माखलेले, आणि कोयोटचं, म्हणजे अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याचं, रूप घेते. वडील ब्लॅकफीट या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचे, आई गोरी. पण ती वाढली वेअरवुल्फांच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसांच्या घरात, आणि वडिलांच्या बाजूचा धागा खऱ्या अर्थानं हातात येतो तो सहाव्या पुस्तकात, २०११ साली. मला मर्सी फार प्रिय आहे आणि ही दिरंगाई तितकीच बोचते. ज्या वारशातून तिची शक्ती आली, त्याला पाच पुस्तकं बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं.

तुझी आजी नक्की गोष्टी सांगत असेल. आमच्या इथे रात्री फिरणारा पुरुष असेल तर तो राखणदार, देवचार. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या वहाणा वाहतात, कारण गावाची राखण करत फिरताना त्याच्या झिजतात अशी श्रद्धा. रात्री फिरणारी बाई मात्र हडळ, नाहीतर बाळंतपणात गेलेली अळवंतीण. तिच्या पायांत कुणी वहाणा घालत नाही, तिला खिळून टाकतात. मला वाटतं आपल्या मुली या मालिकांकडे ओढल्या जातात त्याचं हे मोठं कारण आहे. तिथे अंधारात शक्ती घेऊन उभी असलेली बाई गोष्टीची मालकीण असते, आणि तिच्यावर कुणीतरी न घाबरता प्रेम करतं. मग ती बाई फक्त गोऱ्यांतलीच का असावी? तू हिशेब लिहितेस तशी एखादी गोष्टही लिही. नायिका देवगडची घे, जाळी विणणारी किंवा लिलावात मोठ्यानं बोली लावणारी, आणि आजीच्या तोंडची भाषा तशीच राहू दे. लिहिलीस तर मला पाठव, मी आधी वाचीन.

प्रश्न : माझी १४ वर्षांची मुलगी तिच्या मोठ्या बहिणीच्या मोबाइलवर अशीच पुस्तकं वाचू लागली आहे. थांबवू का? आणि मालिका मधूनच उचलली तर चालते का? (एक आई, गुहागर)

उत्तर : वर सांगितलेली पुस्तकं मोठ्यांची आहेत, त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत शरीरसंबंधांची वर्णनं उघड असतात. तिला अजून दोन-तीन वर्षं थांबू दे, पण मोबाइल हिसकावू नका. तिच्या वयासाठी वेगळ्या भूतकथा असतात, त्यातल्या तुम्हीही सोबत वाचा. राहिला क्रम. दर भागाला नवं जोडपं असेल तर मधलं पुस्तक चालतं, फक्त मागचं राजकारण थोडं अंधुक राहतं. मर्सीसारखी एकच नायिका असेल तर पहिल्यापासूनच वाचावं, नाहीतर कोण कुणाचा शत्रू तेच कळत नाही.