‘बावलेक ऑक्सिजन कित्याक?’

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी मालवण तालुक्यातल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. बाळाचा श्वास थांबला तर काय करायचं, याचा आता महिन्यातून दोनदा रबरी बाहुलीवर सराव घ्यायचं ठरलंय. नाइट करून दमलेल्या सिस्टरांना बाहुलीपुढे “बाळ निळं पडतंय!” असं ओरडायची लाज वाटते. आमचे वॉर्डबॉय मामा तर विचारतात, “बावलेक ऑक्सिजन कित्याक?” (बाहुलीला ऑक्सिजन कशाला?) मोठ्या शहरांतली महागडी यंत्रं आमच्याकडे नाहीत. अशा सरावाचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो, सिस्टर. का, ते एका रात्रीवरून सांगते.

मी नोकरीत नवी होते. जुलैतली रात्र, बाहेर धो धो पाऊस. आठ महिन्यांचं, सात किलोचं बाळ न्यूमोनियाने आलं. आईने पदर बाजूला केला तेव्हा ओठ जांभळे होते, आणि बघता बघता श्वास थांबला. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लगेच हातात आली, पण तिला मोठ्या माणसाचा मास्क! तो बाळाच्या डोळ्यांपर्यंत जात होता, सगळी हवा कडेने निसटत होती. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला, पण तो उघडायचा पाना सापडेना. मी कुणाकडेही न बघता म्हटलं, “अ‍ॅड्रेनलिन भरा.” हे हृदयाला चालना देणारं इंजेक्शन. दोन सिस्टर होत्या. दोघींना वाटलं, दुसरी भरतेय. कुणीच भरलं नाही.

शेवटी वॉर्डात मदतीला असणाऱ्या मावशींनी खालच्या कप्प्यातला छोटा मास्क माझ्या हातात दिला. छाती वर येऊ लागली, ठोके वाढले, बाळ रंगावर आलं. पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, वाचलं. सकाळी मावशी म्हणाल्या, “मास्क मोठा आहे हे मला आधीच दिसत होतं. पण तुम्ही डॉक्टर, मी कसं सांगणार?”

त्या वाक्याने मला आजही झोप लागत नाही.

मुलांचं हृदय बहुतेक वेळा आपणहून बंद पडत नाही. आधी श्वास अडतो, मग ते थकतं. म्हणून पहिली मिनिटं अंबूची. नीट हवा देऊनही ठोके मिनिटाला 60 च्या खाली आणि बाळ पांढरंफटक असेल, तर छाती दाबायची : दोघं असाल तर मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने 15 दाब, मग 2 श्वास. हे तुम्हाला पाठ आहे. पण 1 मिलिग्रॅमचं अ‍ॅड्रेनलिन सलाईनने 10 एमएल करून किलोमागे 0.1 एमएल, म्हणजे सात किलोला 0.7, हा हिशेब पहाटे तीनला, आई शेजारी रडत असताना चुकतो. तो मोठ्याने बोलायची सवय हवी. “सिस्टर, तुम्ही. अ‍ॅड्रेनलिन, पॉइंट सात एमएल.” “पॉइंट सात भरलं.” “दिलं.” हे तोंडी बसायला महागडं यंत्र लागत नाही. 1960 साली सरावाची पहिली गाजलेली बाहुली बनवली ती नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने. बोलण्याच्या सरावाला सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी बाहुलीसुद्धा चालेल. फक्त अंबूसाठी छाती वर येणारी बाहुली हवीच. ती मात्र वरिष्ठांकडे हट्टाने मागा.

सराव हॉलमध्ये घेऊ नका. वॉर्डातच, तुमच्याच ट्रॉलीवर घ्या. पाना जागेवर नसेल तर ते तिथेच कळेल. औषधाऐवजी साधं सलाईन भरा, सिरिंजवर ‘सराव’ लिहा आणि संपल्यावर मोजून बाहेर काढा. एक जरी ट्रॉलीत राहिली, तर खऱ्या बाळाला जाईल.

दहा मिनिटांचा सराव, आणि नंतर तेवढाच किंवा जास्त वेळ बसून बोलणं. ते टाळलंत तर सगळं वाया. “तू चुकलीस” म्हणायचं नाही, “तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?” असं विचारायचं. आणि डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधी, सगळ्यांत पहिल्यांदा मावशींना बोलू द्या. मग मामांना.